दगडखाण वाढणार, कड्यातल्या घुबडाचं काय? हरकत घेण्याआधी हे वाचा

पेपरच्या आतल्या पानावर, नाव बदललं, कागदपत्रं हरवली वगैरे जाहिरातींच्या शेजारी कधीतरी एक चौकोनी नोटीस येते. मौजे अमुक, गट नंबर तमुक, येथील दगडखाणीच्या प्रस्तावित विस्तारासाठी पर्यावरणविषयक जाहीर जनसुनावणी, तारीख, वेळ सकाळी अकरा. शेवटची ओळ ठरलेली, हरकती व सूचना असल्यास लेखी कळवाव्यात. ज्यांच्या घराच्या भिंतींना त्या खाणीच्या सुरुंगाचे हादरे बसतात त्यातलेही बरेच जण ही नोटीस बघतच नाहीत, आणि बघितली तरी पुढे नेमकं काय करायचं असतं ते कोणी सांगत नाही.

मग कोणीतरी खाणीच्या जुन्या कड्यावर बसलेल्या घुबडाचा फोटो ग्रुपवर टाकतं आणि दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते घुबड वाचवा, दुसरी म्हणते एका घुबडापायी रस्ते अडवणार का. दोन दिवस भांडण चालतं, सुनावणीला दोन्हीकडचं कोणी जात नाही, आणि खाणीच्या पर्यावरण रिपोर्टमध्ये आधीच लिहून झालेलं असतं की परिसरात संरक्षित पक्षी-प्राणी आढळले नाहीत. ते वाक्य तसंच वर जातं. माझ्या मते सगळी लढाई त्या एका वाक्याची असते. ते खोडायला घुबडावर प्रेम असायला पाहिजे असंही नाही, फक्त कोणी बघितलं, कधी बघितलं आणि कुठे उभं राहून बघितलं हे विचारता आलं पाहिजे.

घुबड खाणीत आलंच कसं

आपल्याकडे खाणीत, ओढ्याच्या दरडीत, कातळकड्यात जे मोठं घुबड दिसतं ते बहुतेक वेळा शृंगी घुबड. अर्ध्या मीटरच्या आसपास लांबीचं, नारिंगी डोळे, डोक्यावर दोन शिंगं असल्यासारखी पिसं (ती शिंगं नाहीत आणि कानही नाहीत, नुसती पिसं), आणि दिवेलागणीला घुमणारा खोल आवाज, जो एकदा ऐकला की परत ओळखायला पुस्तक लागत नाही.

हे घुबड घरटं बांधत नाही. काड्या नाहीत, गवत नाही, काही नाही. कड्याच्या कपारीत नाहीतर पुढे आलेल्या टप्प्यावर थोडी माती साठलेली असते तिथे खळगा करतं आणि त्यात तीन-चार अंडी घालतं. नोव्हेंबर ते एप्रिल हा साधारण विणीचा काळ. मादी महिनाभर अंड्यांवर बसते, आणि पिल्लं बाहेर पडली की लगेच सुटका असंही नाही, ती कितीतरी महिने आईबापांच्या जिवावरच असतात. म्हणजे हिवाळ्यात सुरू झालेला संसार पावसाळा तोंडावर येईपर्यंत त्याच कड्याच्या आसपास चालू असतो.

आता खाण डोळ्यासमोर आणा. पायऱ्या-पायऱ्यांनी कापत नेलेला उभा कातळ, त्या पायरीला खाणवाले बेंच म्हणतात. एखाद्या बाजूचं काम थांबतं, काही वर्षं तिकडे कोणी फिरकत नाही, बेंचवर माती धरते, कपारीत गवत उगवतं, खाली पावसाचं पाणी साठून डोह होतो. पक्ष्याच्या नजरेने हा डोंगरातला कडाच झाला, शिवाय सभोवती शेतं आणि शेतात उंदीर. मोठ्या वाड्यात माणसं राहत असतात पण मागची पडवी वर्षानुवर्षं बंद असते आणि तिथे पारवे संसार थाटतात ना, तसंच हे.

आपल्याकडे म्हणतात घुबडाला दगड मारू नये, ते तो दगड उचलून घासत बसतं आणि दगड झिजेल तसा मारणारा माणूस झिजत जातो. अंधश्रद्धाच आहे, पण ज्या पक्ष्याच्या पायाखालचा आख्खा कडा आपण ब्रासवर मोजून विकतो त्याच्याबद्दलची आहे, हे मला दरवेळी आठवतं. (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, खडी-डबराचा सगळा हिशोब यातच.)

विस्तार म्हणजे नेमकं काय वाढतं

विस्तार म्हटलं की आपल्याला वाटतं बाजूची जमीन घेणार. ते असतंच, पण तेवढंच नसतं. जमीन तीच ठेवून वर्षाला काढायचा माल वाढवणं हाही विस्तार, खोली वाढवणं हाही. टपरीचं लायसन्स घेतलेल्या माणसाने त्याच जागेत हॉटेल काढलं तर जागा तेवढीच राहते पण गॅस, गर्दी, सांडपाणी, पार्किंग सगळंच बदलतं, म्हणून नवीन परवानगी लागते. इथे माल वाढला की सुरुंग वाढतात, हायवा गाड्यांच्या फेऱ्या वाढतात, क्रशर जास्त वेळ चालतो, धूळ जास्त लांब जाते.

आणि घुबडाच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे, चालू बाजूचा दगड हद्दीपर्यंत संपत आला की मशीन वळतं ते बऱ्याचदा जुन्या, शांत पडलेल्या बाजूकडे. म्हणजे नेमकी ती मागची पडवी. त्यामुळे "इतकी वर्षं खाण चालूच होती, घुबड राहिलंच ना" हा युक्तिवाद ऐकायला बरोबर वाटतो पण तो चालू खाणीबद्दलचा आहे, विस्ताराबद्दलचा नाही. नकाशावर विस्ताराची रेघ कुठून जाते ते बघितल्याशिवाय याचं उत्तर देताच येत नाही. म्हणून हातात पहिला कागद नकाशा घ्यायचा.

कायद्यात 'शिकार' कशाला म्हणतात

भारतातली सगळी घुबडं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहेत. हा कायदा प्राण्या-पक्ष्यांच्या याद्या करतो, त्यांना शेड्यूल म्हणतात. २०२२ साली कायद्यात मोठी दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि आता आपल्या वन्यप्राण्यांसाठी शेड्यूल १ आणि शेड्यूल २ अशा दोनच मुख्य याद्या आहेत. १ म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण. सातपुड्यातला रानपिंगळा शेड्यूल १ मध्ये आहे. हा तो पक्षी जो १८८४ नंतर शंभराहून जास्त वर्षं कोणा अभ्यासकाला दिसलाच नव्हता, नामशेष झाला असंच धरून चालले होते, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात तो परत सापडला. "आढळला नाही" याचा अर्थ "नाही" असा लावायची घाई करू नये याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

तुमच्या खाणीतलं घुबड कुठल्या शेड्यूलमध्ये आहे ते शास्त्रीय नावाने शोधा, दुरुस्तीनंतरचीच यादी बघा, कारण इंटरनेटवर जुन्या याद्या अजून ढिगाने फिरतायत आणि चुकीचं शेड्यूल लिहिलं की समोरचा वकील पहिलं तेच दाखवतो.

आता मजेशीर भाग. शिकार दोन्ही शेड्यूलमधल्या प्राण्यांची करता येत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण शिकारीची व्याख्या फार कमी लोक वाचतात. कलम २(१६) मध्ये मारणं, पकडणं, सापळा लावणं हे आहेच, पण पक्ष्यांच्या बाबतीत अंडी फोडणं, आणि अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं, विस्कटणं हेसुद्धा शिकारीतच मोजलंय. बंदूक लागत नाही. अंडी असलेल्या कपारीवर पोकलेन नेणं हा प्रश्न "निसर्गप्रेम" खात्यातून उठून थेट कलम ९ च्या, म्हणजे शिकारबंदीच्या, खात्यात जातो, आणि शेड्यूल १ मधला जीव असेल तर शिक्षा ३ ते ७ वर्षं आणि किमान २५,००० रुपये दंड अशी आहे.

अजून एक गैरसमज इथेच संपवू. हा कायदा फक्त अभयारण्यात लागू होतो असं खूप जणांना वाटतं. तसं नाहीये. अभयारण्याचे नियम वेगळे आणि जास्त आहेत, पण यादीतल्या पक्ष्याला असलेलं संरक्षण तो जिथे बसेल तिथे त्याच्यासोबत असतं, मग ती जागा वनखात्याची असो, गायरान असो, नाहीतर खाजगी सातबाऱ्यावरची.

ईसी आणि त्याच्या आधीचा जाडा रिपोर्ट

खाण सुरू करायला किंवा वाढवायला पर्यावरण मंजुरी लागते, सगळे तिला ईसी म्हणतात. ही १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्राच्या अधिसूचनेतून येते. छोट्या खाणींना पूर्वी यातून बरीच सूट होती पण २७ फेब्रुवारी २०१२ ला सुप्रीम कोर्टाने दीपक कुमार विरुद्ध हरियाणा सरकार या प्रकरणात सांगितलं की ५ हेक्टरपेक्षा लहान गौण खनिजाच्या पट्ट्यालाही ईसी पाहिजे. (पट्टा म्हणजे खाणीसाठी भाड्याने दिलेली जागा, आणि गौण खनिज म्हणजे दगड, मुरूम, वाळू, खडी हे नेहमीचे बांधकामाचे पदार्थ. नाव गौण, उलाढाल अजिबात गौण नाही.)

ईसी देणारं राज्यस्तरीय प्राधिकरण असतं आणि त्याला सल्ला द्यायला तज्ज्ञांची समिती असते. त्यांच्यासमोर जो अभ्यास ठेवतात तो ईआयए रिपोर्ट, म्हणजे या प्रकल्पाने हवा, पाणी, आवाज, झाडं, पशुपक्षी, माणसं यांवर काय परिणाम होईल आणि तो कमी कसा करणार याचा हिशोब. हा रिपोर्ट मान्यताप्राप्त सल्लागार कंपनी बनवते, आणि तिचे पैसे खाण मालक देतो. यात लगेच भ्रष्टाचार शोधायची गरज नाही, नियमच तसा आहे, पण वाचताना ते डोक्यात ठेवावं.

आता त्या वाक्याकडे येऊ, संरक्षित प्रजाती आढळल्या नाहीत. अशा अभ्यासात पावसाळा सोडून एका हंगामाची माहिती गोळा करतात, आणि पशुपक्ष्यांची पाहणी बहुतेक वेळा दिवसाउजेडी दोन-चार दिवसांत उरकतात. रात्रपाळी करणाऱ्या माणसाच्या घरी जनगणनेवाला रात्री साडेअकराला गेला, दार वाजवलं, कोणी उघडलं नाही, म्हणून लिहून आला की घर रिकामं आहे. घुबडाचं तेच होतं, फक्त वेळ उलटी. दिवसा ते कपारीत मातीच्या रंगाचं होऊन डोळे मिटून बसतं, वीस पावलांवर उभं राहूनही दिसत नाही. पाहणीची तारीख, वेळ, किती तास, कुठल्या वाटेने चालले, रात्री आवाज ऐकले का, हे सगळं रिपोर्टमध्ये असायला हवं. नसेल तर तुमची पहिली हरकत तयार झाली, आणि ती लिहायला तुम्ही पक्षीतज्ज्ञ असायची गरज नाही.

दुसरी गोष्ट, खाणींसाठी अभ्यासाच्या ज्या ठरलेल्या अटी आहेत त्यात असं आहे की अभ्यासक्षेत्रात शेड्यूल १ चा प्राणी असेल तर राज्याच्या वनविभागाशी बोलून त्याच्या संवर्धनाची योजना, बजेटसकट, द्यावी लागते. म्हणजे "आढळला" लिहिलं की पुढे काम वाढतं, खर्च वाढतो. "आढळला नाही" लिहिलं की पान उलटतं. कुठलं वाक्य लिहायचा मोह जास्त होत असेल हे तुम्हीच ठरवा.

आणि तिसरी, जी विस्ताराच्या केसमध्ये फार कामाची असते. जुन्या ईसीतल्या अटी पाळल्या की नाही याचा केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या प्रादेशिक कार्यालयाने तपासून दिलेला रिपोर्ट विस्ताराच्या अर्जासोबत बघितला जातो. शिवाय खाण मालकाने दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल द्यायचा असतो. जुन्या अटीत पाणी मारणं होतं, झाडं लावणं होतं, ठरावीक वेळेतच ब्लास्टिंग होतं. ते झालं का? ज्याने पहिलं कर्ज फेडलं नाही तो दुसरं मागायला आलाय, इतकी साधी गोष्ट आहे ही.

"आमची खाण पाच हेक्टरच्या आत आहे, सुनावणी लागत नाही"

हे उत्तर हमखास मिळतं. ५ हेक्टर म्हणजे साधारण साडेबारा एकर, आणि त्याच्या आतल्या एकट्या खाणीला जनसुनावणी बसत नाही हे खरंय. पण एकमेकींपासून ५०० मीटरच्या आत असलेल्या खाणी क्लस्टर म्हणून एकत्र मोजायच्या असतात. एकाच डोंगराला भाऊ, मेहुणा, पार्टनर अशा नावांनी चार खाणी चिकटलेल्या असतील आणि प्रत्येक कागदावर पाचच्या आत असेल, तरी बेरीज पाचच्या वर गेली की हिशोब बदलतो. राष्ट्रीय हरित लवादाने, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांच्या कोर्टाने, सप्टेंबर २०१८ मध्ये हेच ठणकावून सांगितलं की ५ हेक्टरवरच्या क्लस्टरलाही पूर्ण ईआयए आणि लोकांचं म्हणणं ऐकणं लागू करा. तेव्हा गूगल मॅपवर अंतर मोजा, स्क्रीनशॉट काढा, तालुक्याच्या नाहीतर जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याच्या ऑफिसातून शेजारच्या पट्ट्यांची यादी माहिती अधिकारात मागा, दहा रुपयांचं काम आहे आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. या विषयातले नियम अधूनमधून बदलत राहतात, म्हणून सुनावणी माफ आहे असं कोणी तोंडी सांगितलं तर कुठल्या आदेशाने माफ आहे त्याचा नंबर आणि तारीख लेखी मागायची.

"पक्षीच आहे, उडून जाईल की"

सुनावणीत हे वाक्य आलं की लोक हसतात आणि विषय संपतो, म्हणून याला जरा वेळ देऊ.

मोठं घुबड उडून जाईल, खरंय. अंडी उडत नाहीत, पिल्लं कितीतरी आठवडे उडत नाहीत. ब्लास्टिंगच्या दणक्याने मादी अंड्यांवरून उठली की अंडी उघडी पडतात, वर कावळे टपलेले असतातच, आणि उघड्या टप्प्यावर घरट्याची कड नसल्याने अंडं गडगडायलाही काही लागत नाही.

बरं, उडून जाईल ते कुठे जाईल? पुढच्या चांगल्या कड्यावर आधीच दुसरी जोडी असते, घुबडं आपापला इलाखा धरून राहतात आणि शेजाऱ्याला आत घेत नाहीत. सिनेमाच्या हॉलमधून एका माणसाला उठवलं आणि सांगितलं बस कुठेही, पण हॉल तर फुल आहे. आणि उभा कातळ, मातीचा टप्पा, बाजूला भक्ष्य मिळेल असं मोकळं रान, थोडी शांतता, हे सगळं एकत्र असलेल्या जागा मोजक्याच असतात.

आवाजाचंही तसंच. खाण मालक म्हणेल आमचा आवाज नियमात बसतो, आणि बसतही असेल. पण आवाजाच्या मर्यादा, दिवसा इतके डेसिबल रात्री तितके, या माणसाच्या कानासाठी ठरवलेल्यात. घुबड अंधारात उंदराच्या पावलांच्या सळसळीवर शिकार करतं. अमेरिकेत एका लहान घुबडाच्या जातीवर प्रयोग झाला, बंदिस्त तंबूत उंदीर सोडले आणि मशीनचा रेकॉर्ड केलेला आवाज हळूहळू वाढवत नेला, तर आवाज वाढेल तशी घुबडांची शिकार हुकत गेली. क्रशर रात्री चालणार असेल तर घुबड कड्यावर बसलेलं दिसेल, पण उपाशी. हे रिपोर्टमध्ये कुठेच येत नाही कारण डेसिबलचा तक्ता घरांपाशी मोजलेला असतो, कड्यापाशी नाही.

आणि मग येतात झाडं. जवळपास प्रत्येक रिपोर्टमध्ये उपाय म्हणून हरितपट्टा असतो, इतकी झाडं लावू, तितकी लावू. लावा, धुळीसाठी चांगलीच आहेत. पण कड्यावर अंडी घालणाऱ्या पक्ष्याला कडुनिंबाची रोपं देणं म्हणजे ज्याचं घर पाडलं त्याला छत्री देणं झालं.

"मग खडी आणायची कुठून? घरं तर तुम्हालाही पाहिजेत"

पाहिजेत. मीही सिमेंटच्या घरातच बसून हे लिहितोय आणि खाणीवर पोट असलेली माणसं माझ्याही ओळखीत आहेत. ट्रॅक्टर, ड्रायव्हर, क्रशरवरची पोरं, चहावाला, एका खाणीवर बरीच घरं चालतात. त्यामुळे "खाण बंद करा" अशी हरकत मला स्वतःला कधी पटलेली नाही, आणि ती टिकतही नाही.

पण विस्ताराच्या अर्जात पर्यायांचा प्रश्न विचारता येतो. जुना कडा आणि त्याच्या आसपासची जागा सोडून दुसऱ्या बाजूने माल काढता येतो का? नोव्हेंबर ते एप्रिल त्या बाजूला ब्लास्टिंग बंद ठेवता येईल का? रात्री क्रशर आणि लाईट बंद राहतील का? यातलं काहीही केलं तरी खाण चालूच राहते, खडी मिळतेच, फक्त मालकाला प्लॅन परत काढावा लागतो. त्याचा खर्च होईल, नाही असं नाही. तो खर्च कोणी सोसायचा हाच तर प्रश्न आहे, आणि घुबड नसलं तर शेतातले उंदीर कोण मारणार याचाही खर्च धरायला हरकत नाही. घुबडाने उलटी करून टाकलेल्या गोळ्या फोडून बघा, उंदरांच्या कवट्या मोजता येतात. पुरंदर तालुक्यात पिंगोरीला २०१८ मध्ये घुबड महोत्सव झाला तो काही उगीच नाही, ज्या पक्ष्याला लोक अपशकुनी म्हणतात त्याची तिथे पोरं चित्रं काढायला लागली.

हरकत लिहायची कशी

"घुबड हा निसर्गाचा अनमोल ठेवा आहे, तरी कृपया मंजुरी देऊ नये." अशी पत्रं ढिगाने जातात आणि त्यांना उत्तर पण ढिगानेच मिळतं, सर्व पर्यावरणीय नियमांचे पालन केले जाईल. संपलं.

आता हे बघा. "रिपोर्टच्या अमुक पानावर पशुपक्षी पाहणी दोन दिवस, सकाळी ९ ते दुपारी ४ अशी नोंदवली आहे. प्रस्तावित विस्ताराच्या उत्तर हद्दीत येणाऱ्या जुन्या कड्यावर आम्ही जानेवारी आणि फेब्रुवारीत पाच वेगवेगळ्या संध्याकाळी शृंगी घुबडाची जोडी पाहिली, फोटो, तारीख, वेळ सोबत जोडली आहे. रात्रीची पाहणी का केली नाही? हा कडा विस्तारात तोडला जाणार आहे का? वनविभागाला विचारलं आहे का? विणीच्या काळात रात्रीची स्वतंत्र पाहणी होईपर्यंत हा अभ्यास अपुरा समजावा." यात एकही भावनिक विशेषण नाही. प्रत्येक वाक्याला एकतर हो, नाही, नाहीतर पान नंबर असं उत्तर द्यावं लागतं, आणि सुनावणीत आलेल्या मुद्द्यांची उत्तरं अंतिम रिपोर्टमध्ये यावी लागतात.

एक ब्रह्मास्त्र पण आहे, जपून वापरायचं. २००६ च्या अधिसूचनेत परिच्छेद ८(vi) मध्ये, म्हणजे आठमधल्या सहाव्या उपकलमात, असं आहे की महत्त्वाची माहिती मुद्दाम लपवली किंवा खोटी दिली तर अर्ज फेटाळता येतो आणि दिलेली ईसीसुद्धा रद्द होऊ शकते. पण "लपवली" म्हणायला मालकाला माहीत होतं हे दाखवावं लागतं. म्हणून सुनावणीच्या आधीच घुबडाची लेखी माहिती वनविभागाला, प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि खाण मालकाला देऊन पोच घेऊन ठेवा. त्यानंतरही अंतिम रिपोर्टमध्ये "आढळले नाही" आलं तर मग बोलायला जागा आहे.

पुरावा गोळा करताना

लांबून. हे सगळ्यात आधी. घरट्याजवळ जाऊन फोटो काढला तर कलम २(१६) तुम्हालाही लागू आहेच, त्यात "चांगल्या हेतूने" असा काही अपवाद नाही. समोरच्या काठावर बसा, दुर्बीण नाहीतर झूमचा कॅमेरा, सूर्यास्ताच्या आधी अर्धा तास ते नंतर एक तास. आवाज मोबाईलवर रेकॉर्ड होतो. कड्यावर पांढरे ओघळ दिसतात ते विष्ठेचे, त्याचेही फोटो काढा. गोळ्या आणि पिसं जिथे आहेत तिथेच फोटो काढून सोडून द्या, पिसं घरी आणू नका, संरक्षित पक्ष्याचं पीस बाळगणं हा वेगळाच ताप आहे. आणि चालू खाणीच्या आत परवानगीशिवाय घुसू नका, एक तर जीव जाईल, दुसरं म्हणजे तुमचा सगळा पुरावा "अतिक्रमण करून मिळवलेला" म्हणून बदनाम होईल.

नेमकी जागा फेसबुकवर, ग्रुपवर, कुठेच टाकायची नाही. दिवाळीच्या आसपास जादूटोण्यासाठी घुबडं पकडून विकणारे लोक आहेत आणि ते पण ग्रुप वाचतात. लोकेशन फक्त लेखी हरकतीत, बंद पाकिटात वनविभागाकडे. मी एका ठिकाणी उत्साहाच्या भरात केलेली अशी पोस्ट आठवडाभराने डिलीट करायला लावली होती, तोपर्यंत ती कुठेकुठे गेली असेल देव जाणे.

सुनावणीच्या दिवशी

सुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं आणि अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा त्यांचे अपर जिल्हाधिकारी दर्जाचे प्रतिनिधी असतात. नोटीस किमान ३० दिवस आधी, एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या पेपरात. मसुदा रिपोर्ट जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत अशा ठिकाणी बघायला ठेवलेला असतो, सारांश मराठीत असतो, मुख्य रिपोर्ट मात्र जाडजूड आणि इंग्रजीत. पशुपक्ष्यांचं प्रकरण तेवढं शोधून कोणाकडून तरी वाचून घ्या, सारांशावर विसंबू नका.

हे मतदान नाही. किती हात वर झाले यावर निर्णय होत नाही, त्यामुळे ट्रक भरून माणसं आणण्याचा उपयोग दोन्ही बाजूंना वाटतो तेवढा नसतो. कोरमही नसतो, तीन माणसं आली तरी सुनावणी झाली असंच धरतात. व्हिडिओ शूटिंग होतं आणि शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवायचं असतं. तेव्हा लोक चहाला गेलेले असतात. जाऊ नका. "एका ग्रामस्थाने पक्ष्यांविषयी विचारणा केली" असं मोघम लिहिलेलं असेल तर तिथेच उभं राहून दुरुस्त करायला सांगा, घुबडाचं नाव, कड्याची दिशा, आणि रात्रीच्या पाहणीची मागणी हे तीन मुद्दे शब्दशः आले पाहिजेत. ज्याला यायला जमत नाही त्याने लेखी पाठवायचं, पोच घ्यायची.

आणि मंजुरी मिळालीच तर

मिळू शकते, बऱ्याचदा मिळतेच. मग आधी अटी वाचा, कारण तुमच्या हरकतीमुळे एखादी अट वाढलेली असते, विणीत त्या बाजूला ब्लास्टिंग नाही किंवा कड्याभोवती जागा सोडा, आणि ती पाळली जाते का बघणारं दुसरं कोणी नसतं. सहामाही अहवाल मागवत राहा.

अट पुरेशी नाही, किंवा हरकतीला उत्तरच दिलेलं नाही, असं असेल तर राष्ट्रीय हरित लवादात अपील होतं, आपल्याकडचं खंडपीठ पुण्यात आहे. मुदत ईसीची माहिती जाहीर झाल्यापासून ३० दिवस, सबळ कारण असेल तर लवाद आणखी ६० दिवसांपर्यंत माफ करू शकतो, त्यापुढे एक दिवसही नाही. लोक इथेच गारद होतात, कारण ईसी कधी निघाली हे गावात कोणाला कळत नाही, खाणीवर नवीन पोकलेन आलं की कळतं. केंद्राच्या परिवेश पोर्टलवर (मंजुरीच्या अर्जांची वेबसाइट) प्रस्ताव क्रमांक टाकून दर आठवड्याला बघायचं काम गावातल्या एका पोराला सोपवा, सुनावणी झाल्याच्या दिवसापासूनच.